टांकसाळीबाहेर न पडलेले डॉलर: चिनी प्रजासत्ताकाची चांदीची नमुना-नाणी जमवायची कशी

माझ्या हाती लागलेला पहिला ‘चिनी डॉलर’ चीनमध्ये पाडलेलाच नव्हता. नात्यातल्या एका आजींच्या देव्हाऱ्याच्या खणात, लक्ष्मीपूजनाच्या चांदीच्या रुपयांबरोबर तो कित्येक वर्षं पडून होता. एका बाजूला त्रिशूळ घेऊन उभी असलेली ब्रिटानिया, दुसऱ्या बाजूला चिनी आणि मलायी अक्षरं. भिंग लावून पाहिलं तर त्रिशूळाच्या मधल्या टोकावर बारीकसं रोमन ‘बी’. बी म्हणजे बॉम्बे. १८९५ पासून इंग्रजांनी चीन आणि मलायाकडच्या व्यापारासाठी जे चांदीचे डॉलर पाडले, त्यातले कितीतरी आपल्या फोर्टातल्या टांकसाळीतून गेले. वजन सुमारे २६.९५ ग्रॅम, कस ९००, म्हणजे हजारात ९०० भाग चांदी.

चीनच्या बाजारात त्या काळी हे डॉलर, गरुडछाप मेक्सिकन डॉलर, प्रांतोप्रांतीचे ड्रॅगन डॉलर आणि चांदीच्या लगडी असं सगळं एकत्र चालायचं. १९१२ साली प्रजासत्ताक आलं आणि या गोंधळातून एक राष्ट्रीय नाणं काढायची धडपड सुरू झाली. त्या धडपडीत जी नाणी घडली, दाखवली गेली आणि चलनात मात्र आली नाहीत, किंवा अगदी थोडी आली, ती ही नमुना-नाणी. संग्राहक त्यांना सरसकट ‘पॅटर्न’ म्हणतात.

हा छंद महाग आहे आणि फसवणुकीने भरलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. साध्या नाण्याच्या बाबतीत ‘चांदी खरी आहे का’ एवढं विचारलं की निम्मं काम होतं. नमुना-नाण्याला तीन प्रश्न विचारावे लागतात: कुणी पाडलं, कधी पाडलं, कुणासाठी पाडलं? खऱ्या चांदीचं, सुबक, जुनंही असलेलं नाणं या तीन प्रश्नांवर नापास होऊ शकतं.

पहिली पायरी: साल वाचायला शिका

चिनी येत नसलं तरी चालतं. मला येत नाही. पण दहा-बारा अक्षरं ओळखता आलीच पाहिजेत, आणि ती एका रविवारी जमतात.

त्या काळची चिनी नाणी उजवीकडून डावीकडे वाचायची. बहुतेक नाण्यांवर मुखवट्याच्या, म्हणजे कोरलेल्या चेहऱ्याच्या, बाजूला वर ‘चुंग ह्वा मिन क्वो’, म्हणजे चिनी प्रजासत्ताक, ही चार अक्षरं येतात आणि पाचव्या जागेपासून सालाचा आकडा सुरू होतो. तीन म्हणजे एकाखाली एक तीन आडव्या रेघा. दहा म्हणजे आपलं अधिकाचं चिन्ह. आठ म्हणजे मधून फाटलेल्या छपरासारख्या दोन तिरक्या रेघा. दोन रेघा, अधिक, दोन रेघा असं दिसलं की बावीस. या आकड्यात १९११ मिळवले की इसवी सन येतो: साल ३ म्हणजे १९१४, साल १२ म्हणजे १९२३, साल १८ म्हणजे १९२९.

एवढ्यावरही बऱ्याच खोट्या नाण्यांना दारातूनच परत पाठवता येतं. राष्ट्राध्यक्ष युआन शिकाईच्या डॉलरवर साल ३ असेल तर वरच्या ओळीत सहा अक्षरं असतात. साल ८, ९ आणि १० वर सात असतात, कारण शेवटी ‘पाडलेलं’ अशा अर्थाचं एक अक्षर जास्त येतं. स्वस्तात नकला करणाऱ्यांना हे पुष्कळदा ठाऊक नसतं.

दुसरी पायरी: आधी साध्या नाण्यांवर हात बसवा

निदान वर्षभर एकही नमुना-नाणं घेऊ नका. ते वर्ष तीन साध्या डॉलरांबरोबर काढा.

पहिला युआन शिकाईचा, साल ३ किंवा ९. चिनी लोक त्याला लाडाने ‘युआन मोठं डोकं’ म्हणतात. फेब्रुवारी १९१४ च्या नाणेकायद्याने त्याचं वजन ०.७२ ताएल (चांदी तोलायचं जुनं चिनी माप) आणि कस ९०० ठरवला. प्रत्यक्षात कस ८९० वर आला. दुसरा प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत्सेन यांचा स्मृती डॉलर, ज्याच्यावर रोमन अक्षरांत ‘मेमेंटो’ असं लिहिलेलं असतं. तिसरा शिडाच्या जहाजाचा, साल २२ किंवा २३ चा. शांघायची मध्यवर्ती टांकसाळ १९३३ मध्ये सुरू झाली, त्याच वर्षी ताएल हे जुनं माप मोडीत काढलं आणि नव्या कायद्याने डॉलर २६.६९७१ ग्रॅम वजनाचा, ८८० कसाचा झाला. गंमत म्हणजे साल २३ चे तीन कोटी डॉलर १९४९ मध्ये अमेरिकेच्या टांकसाळींनी पुन्हा पाडून दिले, साल तेच ठेवून. नाण्यावरचं साल आणि ते पाडल्याचं साल एकच असतं असं नाही, हा धडा इथे स्वस्तात मिळतो.

युआनच्या डॉलरबद्दलही हेच. १९५१ नंतर चिनी सैन्य तिबेटात आलं तेव्हा पगार आणि खरेदी चांदीच्या डॉलरांत होत असे. तिथून पोतीच्या पोती खेचरांवरून कालिंपोंगला उतरली आणि तिथल्या व्यापाऱ्यांमार्फत कोलकात्याच्या चांदी बाजारात गेली. भारतातल्या जुन्या घरांत आज युआन डॉलर सापडतो तो पुष्कळदा या वाटेने आलेला असतो, आणि त्यात नंतर पुन्हा पाडलेलेही असतात.

ही तीन नाणी हातात खेळवा. कडेवरचे दाते मोजत बसा, केसांच्या रेषा भिंगातून पाहा, झीज आधी कुठे होते ते बघा. युआनच्या डॉलरवर ती कानाच्या वरच्या केसांवर आणि खांद्यावरच्या पट्टीवर आधी दिसते. चांदीचं नाणं कसं वाजतं तेही ऐका: नाण्याचा मध्य दोन नखांत धरून कडेवर जोरात फुंकर मारायची आणि लगेच कानाशी न्यायचं, बारीक लांबलेला नाद ऐकू येतो. चिनी दुकानदारांची ही पिढ्यान्‌पिढ्यांची युक्ती आहे. साध्या नाण्यावर खुशाल करा. नमुना-नाण्यावर मात्र असा प्रकार कधीही करू नका, नख लागलं तर गेले पैसे.

तिसरी पायरी: घराणी ओळखा

हा भाग जरा निवांत वाचा, कारण पुढे सगळे पैसे इथल्या ज्ञानावर लागणार आहेत. प्रजासत्ताकाची नमुना-नाणी मला पाच घराण्यांत मांडून बघायला आवडतं. ही मांडणी माझी, कॅटलॉगची नव्हे.

पहिलं घराणं सहीवाल्यांचं. उत्तर चीनमधल्या थ्येनचिन शहराच्या टांकसाळीत लुइजी जॉर्जी नावाचा इटालियन कोरक होता. युआन शिकाईचा तो प्रसिद्ध मुखवटा त्याच्या हातचा. चलनातल्या डॉलरवर त्याचं नाव नाही. पण १९१४ च्या काही नमुन्यांवर मानेच्या मागे, उजव्या कडेशी त्याची रोमन अक्षरांतली सही आहे. यात दातेरी कडेचे आणि सपाट कडेचे असे दोन्ही सापडतात. डॉलरबरोबर अर्धा डॉलर आणि लहान मूल्यांची नाणीही सहीची आहेत. चांगल्या संग्रहाचं हे नाक समजलं जातं, आणि म्हणूनच खऱ्या साध्या डॉलरवर खोटी सही कोरण्याचा धंदाही याच घराण्यात सर्वांत जोरात चालतो.

दुसरं घराणं हौशी सत्ताधाऱ्यांचं. मला हे सर्वांत रंजक वाटतं. युआन शिकाईचा तुऱ्याच्या टोपीतला डॉलर प्रजासत्ताकाच्या स्मरणार्थ काढलेला. मग त्याच माणसाने डिसेंबर १९१५ मध्ये स्वतःला सम्राट जाहीर केलं, १९१६ साठी ‘हुंगश्यान’ ही राजवर्षाची संज्ञा घेतली, आणि नाणं आलं ते पंख असलेल्या ड्रॅगनचं. समोर तीच तुऱ्याची टोपी, मागे मात्र ‘चिनी साम्राज्य’. मार्चमध्ये साम्राज्य आटोपलं, जूनमध्ये तो वारला. हे दोन डॉलर शेजारी ठेवले की दीड-दोन वर्षांचं राजकारण डोळ्यांसमोर उभं राहतं.

युआननंतरच्या सत्ताधाऱ्यांत आधी शू शिचांग, १९२१, मागच्या बाजूला मंडप. यात ‘स्मृतिनाणं’ ही अक्षरं असलेला आणि नसलेला असे दोन प्रकार आहेत. त्साओ कून, १९२३, लष्करी पोशाखात एक आणि नागरी पोशाखात एक. या गृहस्थांनी संसद सदस्यांना मताला पाच हजार डॉलर वाटून अध्यक्षपद मिळवलं असं इतिहास सांगतो. त्यांच्या स्वतःच्या मुखवट्याचं नाणं संविधानाच्या स्मरणार्थ निघालं, आणि लाच मात्र मोठ्या डोक्याच्या युआनमध्येच दिली गेली असणार! दुआन चिरुई, १९२४, मागे ‘शांतता’ असा शब्द. शेवटी मंचुरियाचा चांग त्सोलिन. त्याचे डॉलर १९२६ ते १९२८ या काळातले, आणि ४ जून १९२८ ला त्याची रेल्वेगाडी जपान्यांनी उडवली तिथे ती मालिका संपली.

यातले काही भेट देण्यासाठी पाडलेली पदकवजा नाणी आहेत, काही चलनासाठी केलेले खरे नमुने. कॅटलॉग त्यांना एकत्र ठेवतात, विक्रेते त्यांना सरसकट ‘पॅटर्न’ म्हणून विकतात. तुम्ही मात्र स्वतःच्या वहीत हा फरक लिहा.

तिसरं घराणं ड्रॅगन आणि फिनिक्सचं, साल १२ (१९२३), थ्येनचिन. मुखवटा नाही. १९१२-१३ मध्ये लू शुन, च्यान ताओसुन आणि शू शौशांग यांनी प्रजासत्ताकासाठी बारा प्राचीन प्रतीकांचं राष्ट्रचिन्ह आखलं होतं, तेच या डॉलरवर आलं. एका बाजूला ड्रॅगन, दुसऱ्या बाजूला फिनिक्स, मध्ये कुऱ्हाड, पर्वत, सूर्य, चंद्र. ‘एक डॉलर’ ही अक्षरं मोठी असलेला आणि लहान असलेला असे दोन प्रकार. विक्रेते हे ‘शेवटचा सम्राट पु-यी याच्या लग्नाचं नाणं’ म्हणून रंगवून सांगतात. लग्न १ डिसेंबर १९२२ चं, नाणं साल १२ चं आणि चिन्ह राजघराण्याचं नसून प्रजासत्ताकाचं. गोष्ट छान आहे, तिच्यासाठी जास्त पैसे देऊ नका. याच छापाची साल १५ ची दहा आणि वीस सेंटची छोटी नाणी आहेत. खिसा मध्यम असेल तर या घराण्यात शिरायचा दरवाजा तोच.

चौथं घराणं परदेशी साच्यांचं. सन यत्सेन १२ मार्च १९२५ ला गेले. दक्षिणेकडच्या राष्ट्रवादी सैन्याच्या उत्तरेवरच्या मोहिमेनंतर नानचिंगला आलेल्या त्यांच्या सरकारला युआनचं डोकं नाण्यावरून उतरवायचं होतं. साल १८ (१९२९) साठी अमेरिका, ब्रिटन, इटली, ऑस्ट्रिया आणि जपान या पाच देशांच्या टांकसाळींकडून साचे करून घेतले. विषय सगळ्यांना तोच: एका बाजूला सन यत्सेन, दुसऱ्या बाजूला तीन शिडांचं चिनी जहाज. पण प्रत्येक देशाच्या कोरकाने चेहरा आपापल्या सवयीने घडवला. इटालियन नमुन्यावर मोत्ती या कोरकाची सही आहे. पाची शेजारी ठेवून पाहिले तर गालाची गोलाई, कॉलर, लाटांची चाल, शिडावरच्या पट्ट्या, सगळं वेगळं. यातला एकही चलनात आला नाही. जहाज मात्र टिकलं. साल २१ (१९३२) च्या डॉलरवर ते तीन पक्षी आणि उगवता सूर्य घेऊन आलं. नुकताच जपानने मंचुरिया गिळला होता, लोकांना ते पक्षी विमानांसारखे आणि सूर्य जपानचा वाटला, नाणं मागे घेतलं गेलं, आणि पुढच्या वर्षी पक्षी आणि सूर्य वगळून जहाज एकटं निघालं. हे साल २१ चं नाणं नमुना नाही, चलनाचंच आहे. पण १९२९ च्या नमुन्यांची गोष्ट पुरी करायची तर ते संग्रहात हवंच, आणि ते नमुन्यांपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

पाचवं घराणं बनावट नव्हे आणि अस्सलही नव्हे अशांचं: ‘फँटसी’. शांघायच्या आणि इतर ठिकाणच्या विक्रेत्यांनी संग्राहकांना विकायला म्हणून जुन्या काळीच बनवून घेतलेले, सरकारशी काडीचाही संबंध नसलेले डॉलर. त्यांनाही गिऱ्हाईक आहे, त्यांचीही किंमत असते. फक्त ती फँटसीची किंमत असली पाहिजे.

चौथी पायरी: क्रमांकाची भाषा

लिलावाच्या यादीत प्रत्येक नाण्यापुढे दोन-तीन क्रमांक असतात. ‘के’ म्हणजे कान. ईडुआर्ड कान हे शांघायमध्ये वर्षानुवर्षं चांदीच्या व्यवहारात असलेले गृहस्थ, त्यांचा सचित्र कॅटलॉग १९५४ चा. ‘एल अँड एम’ म्हणजे लिन आणि मा या दोघांचा चांदी-सोन्याच्या नाण्यांचा कॅटलॉग; आज बाजार मुख्यतः याच क्रमांकावर बोलतो. ‘वाय’ म्हणजे येओमन या कॅटलॉगकाराचा क्रमांक, जागतिक नाण्यांच्या याद्यांत चालणारा. उदाहरणार्थ तुऱ्याच्या टोपीचा डॉलर एल अँड एम ८५८, पंखवाला ड्रॅगन एल अँड एम ९४२, लहान अक्षरांचा ड्रॅगन-फिनिक्स एल अँड एम ८१, पक्ष्यांचं जहाज वाय ३४४ आणि बिनपक्ष्यांचं वाय ३४५.

कानच्या क्रमांकाआधी ‘बी’ दिसलं तर थांबा. फँटसी म्हणून त्यांनी वेगळ्या ठेवलेल्या नाण्यांना तो क्रम आहे. विक्रेता वर्णनात ‘अतिदुर्मीळ पॅटर्न’ म्हणत असेल आणि क्रमांक मात्र बी-चा देत असेल, तर त्याने तुम्हाला नकळत खरं सांगून टाकलेलं असतं.

आता एक वही करा, हातानेच लिहिलेली बरी. ज्या छापाची इच्छा आहे त्याला एक पान. गेल्या दहा-पंधरा वर्षांत लिलावात आलेला त्या छापाचा प्रत्येक तुकडा त्या पानावर: तारीख, दर्जा, हातोड्याची किंमत (शेवटच्या बोलीचा आकडा), आणि नाण्यावरची एखादी ओळखीची खूण. हाँगकाँगमधल्या स्टॅक्स बावर्सच्या विक्री, अमेरिकेतलं हेरिटेज, चँपियन, स्पिंक या लिलावगृहांच्या जुन्या विक्रींची छायाचित्रं घरबसल्या पाहता येतात. सहा महिन्यांत तुमच्या लक्षात येईल की तोच एक तुकडा तीन वेळा विकला गेलाय, दर वेळी तपासणी संस्थेच्या वेगळ्या सीलबंद डबीत. दुर्मीळ नाण्यांच्या जगात माणसं थोडी आणि नाणी त्याहून थोडी.

पाचवी पायरी: पारख

क्रम महत्त्वाचा आहे. आधी डोळे, मग काटा, मग पाणी, मग यंत्र आणि शेवटी कागद.

काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. चांगल्या अवस्थेतला डॉलर २६.६ ते २६.९ च्या आसपास भरतो. एका बाजारातल्या पथारीवर हौसेने घेतलेला माझा पहिला ‘ड्रॅगन-फिनिक्स’ १९ ग्रॅम भरला होता आणि फ्रिजच्या चुंबकाला चिकटला होता. तो अजून टेबलावर ठेवलाय, पेपरवेट म्हणून.

पाण्याची परीक्षा अशी: काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. ८८० ते ९०० कसाच्या चांदी-तांब्याची घनता साधारण १०.३ असते, म्हणजे २६.८ ग्रॅमच्या डॉलरला हा आकडा २.६ च्या जवळ यायला हवा. पितळेचा असेल तर तो तीनच्या पुढे जातो. ही परीक्षा साध्या नाण्यांसाठी. आरशासारखी झळाळी असलेल्या नमुन्याला दोरा बांधायचा नाही. त्याच्यासाठी ओळखीच्या हॉलमार्किंग केंद्रावरचं एक्सआरएफ (क्ष-किरणांचं) यंत्र बरं, स्पर्श न करता वरच्या थराची धातू सांगतं. पण तेही वरच्या थराचीच, आतली नाही.

आणि धातू बरोबर निघाली म्हणून नाचू नका. हुशार नकलाकार आज खरी चांदीच वापरतात, कधीकधी जुने साधे डॉलर वितळवून. म्हणून भिंग. दहापट पुरे.

सही असेल तर आधी सहीच्या आजूबाजूचा सपाट भाग पाहा. साच्यातून उमटलेलं अक्षर पृष्ठभागातून सहज वर येतं. नंतर कोरलेल्या सहीभोवतीची चांदी खरवडून खाली नेलेली असते, त्यामुळे तिथे उथळ खळगा किंवा वेगळीच चमक दिसते. नाणं दिव्याखाली तिरकं फिरवलं की प्रकाश त्या जागी अडखळतो. मग कड. साच्यावरून साचा घेऊन केलेल्या नकलांत कडेचे दाते मऊ, बोथट, क्वचित एखाद्या जागी दुहेरी पडलेले असतात. मग ओरखडे. खऱ्या नाण्याला लागलेला ओरखडा त्याच नाण्याचा असतो. तोच ओरखडा त्याच जागी दुसऱ्या तुकड्यावरही दिसला तर दोन्ही एकाच नकली साच्याची पोरं. तुमची वही इथे कामाला येते.

आता डब्या. अमेरिकेच्या एनजीसी आणि पीसीजीएस या दोन संस्था नाणं तपासून, १ ते ७० मध्ये दर्जा देऊन प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करतात. चिनी बाजारात गोंगबोही चालतं. नमुन्यांसाठी मी पहिल्या दोघांच्या डबीशिवाय पैसे काढत नाही. पण खोट्या डब्याही असतात, आणि त्यांवर खऱ्या नाण्याचा क्रमांक छापलेला असतो. म्हणून संस्थेच्या संकेतस्थळावर क्रमांक टाका आणि तिथलं छायाचित्र हातातल्या तुकड्याशी ओरखडा-ओरखडा जुळवा. क्रमांक जुळणं पुरेसं नाही, नाणं जुळलं पाहिजे. दर्जाऐवजी ‘क्लीन्ड’ किंवा ‘डॅमेज’ असा शेरा असेल तर किंमत फार खाली येते. अतिदुर्मीळ छापाच्या बाबतीत मात्र असा तुकडा घ्यायला हरकत नाही, अट एवढीच की विकतानाही तो शेरा तुमच्या पाठीशी येणार हे ठाऊक हवं.

शेवटी वंशावळ, म्हणजे नाणं आधी कुणाकुणाच्या संग्रहात होतं त्याची नोंद. १९९१ मध्ये सुपीरिअर गॅलरीजने डॉ. आयर्विंग गुडमन यांचा चिनी नाण्यांचा संग्रह विकला. त्यातलं नाणं असेल तर डबीवर बहुधा गुडमनचं नाव असतं, आणि जुन्या लिलावपुस्तिकेतल्या चित्राशी ते ताडून पाहता येतं. १९९१ मध्ये छायाचित्र छापलेलं नाणं म्हणजे निदान अलीकडच्या लेझर साच्यांच्या कारखान्यातलं नव्हे. दोन सारख्या तुकड्यांत एकाची वंशावळ असेल आणि दुसरा एक दर्जा वरचा असेल, तर मी डोळे मिटून वंशावळीचा घेतो.

सहावी पायरी: बोली

नमुन्यांच्या किमती हजारो डॉलरांपासून लाखो डॉलरांपर्यंत जातात, त्यामुळे हिशेब बोलीआधी कागदावर झाला पाहिजे. हातोड्याची किंमत १०० धरा. तिच्यावर खरेदीदाराचं शुल्क सुमारे २० टक्के. मग विमा, टपाल, चलनबदलातलं नुकसान, आपल्याकडची जकात. म्हणजे १०० ची बोली घरी येईतो १३०-१४० ची सहज होते. कमाल आकडा आधी लिहा, आणि लिलावाच्या रात्री तो कागद घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. आमच्याकडे तो बायकोकडे असतो. त्यामुळे दोन नाणी हुकली, संसार टिकला.

समाजमाध्यमांवर ‘आजोबांच्या पेटीत सापडलं’ म्हणून येणाऱ्या नमुना-नाण्यांना उत्तरही देऊ नका. आजोबांच्या पेटीत साल ९ चा युआन सापडतो, मोत्तीच्या सहीचा सन यत्सेन सापडत नाही.

सातवी पायरी: कायदा

बरेच जण ही पायरी गाळतात आणि पुढे अडकतात. भारतातल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं पुरी झालेलं नाणं ही पुरावस्तू ठरते, आणि पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. १९१४ चा जॉर्जी आणि १९२३ चा ड्रॅगन-फिनिक्स ही रेषा ओलांडून गेले आहेत. १९२९ चे नमुने २०२९ मध्ये ओलांडतील. व्यवहारात याचा अर्थ असा: सुटं नाणं भारतात आणून मग दर्जासाठी परदेशी पाठवण्याचा बेत करू नका. सीलबंद, तपासलेलंच घ्या. सिंगापूर, दुबई, अमेरिकेत राहणाऱ्या मराठी संग्राहकांना हा अडसर नाही. त्यांनी उलट विचार करावा की ते नाणं एकदा मायदेशी आणलं की इथेच विकावं लागेल.

चीनमधून थेट घेणार असाल तर तिथेही १९४९ पूर्वीच्या वस्तूंच्या निर्यातीवर तपासणीचे नियम आहेत. हाँगकाँगच्या लिलावातून घेणं सोपं, तिथे विक्रीकरही नाही. आयातीचे दर आणि चांदीवरचे निर्बंध आपल्याकडे वरचेवर बदलतात, म्हणून बोली लावण्याच्या आठवड्यातच कस्टमच्या एजंटाला विचारा आणि पार्सलवर खरी किंमत लिहायला सांगा. कमी किंमत दाखवून पाठवलेलं पार्सल हरवलं तर विमाही तेवढाच मिळतो.

आठवी पायरी: कोकणच्या हवेत चांदी

चांदीला गंधक आणि दमट हवा काळी करते, आणि आपल्याकडे दोन्ही मुबलक. सीलबंद डबी हवाबंद नसते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, जून ते सप्टेंबर दर महिन्याला पुड्या बदलायच्या. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत सुटं नाणं ठेवू नका, त्यातून हिरवट चिकट थर येतो. लाकडी पेटी दिसायला सुंदर, पण ताज्या लाकडाचा आणि पॉलिशचा वास चांदीला बाधतो. कापूर-उदबत्तीच्या देव्हाऱ्यात तर नकोच. आजींचा तो मुंबईचा डॉलर त्यामुळेच कोळशासारखा झाला होता.

आणि काळं पडलं म्हणून चिंच, दंतमंजन, सराफाचं पाणी यांपैकी काहीही लावू नका. निळी-सोनेरी झाक असलेल्या जुन्या नमुन्याला बाजारात जास्त भाव असतो. घासलेल्या नाण्याची झळाळी कुठल्याही रसायनाने परत येत नाही.

प्रत्येक नाण्याबरोबर डब्यात एक चिठ्ठी ठेवा: छापाचं नाव मराठीत, कॅटलॉग क्रमांक, डबीवरचा क्रमांक, कुठल्या लिलावात किती तारखेला घेतलं, एकूण किती पैसे पडले, बिल कुठल्या फाइलमध्ये आहे. शेवटच्या ओळीत मी एकच सूचना लिहितो: ‘सराफाकडे वजनावर मोडू नये.’